मिश्रीचं बोट

लक्ष्मी गेटच्या आत, बांगड्यांच्या दुकानात, इंदुमती मनगट पुढे करून बसली होती. चुडीवाली तिची बोटं एकात एक दाबून हिरवा काच हळूहळू वर सरकवत होती. तेवढ्यात पाठीमागच्या गल्लीतून आवाज आला, "जेवलीस का गं ताई? खोटं नको बोलू हां, तुझ्या आवाजावरून कळतं मला." झाशीच्या बाजारात असं मराठी कानावर पडलं की इंदुमतीचं सगळं अंग कान व्हायचं. कोण बाई आपल्याकडची, कुठली, कऱ्हाडची की फलटणची, असं तोंडात घोळवतच ती आनंदानं वळली. गल्लीत पाठमोरी उभी होती ती मनस्वी, तिची स्वतःची लेक. कोपरात हेल्मेट अडकवलेलं, खांद्यानं फोन कानाशी धरलेला, आणि एका हातानं ती केळीवाल्याच्या गाडीवरची केळी निवडत होती. "हिलो मत अम्मा," चुडीवाली ओरडली, पण काच तोवर तडकला होता. मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला. इंदुमतीनं हाक मारली नाही. लेक समोर असून हाक मारायची नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती दुकानाच्या आणखी आत सरकून बसली, चोरासारखी, आणि पोरीचं ते गल्लीतलं मराठी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली. मनस्वी हसत होती. "मी येते ना उद्या, तू कशाला घाबरतेस?" तू. जेवलीस. घाबरतेस. शब्द साधेच, कुठल्याही घरात उंबऱ्यावर पडलेले असतात तसले. पण इंदुमतीच्या घरात ते नव्हते. तिच्या घरात मनस्वी म्हणायची, "मम्मी, आपने खाना खाया?" आणि उत्तराची वाट न पाहता गाडीची किल्ली उचलायची.

संध्याकाळी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये कणीक तिंबताना तिला मनगट झोंबत होतं. दिवाकर वर्कशॉपमधून आला, बूट काढले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "साखर विसरलीस." ती म्हणाली, "तुमची लेक मराठी बोलते." "मग बरंच आहे की." "माझ्याशी नाही बोलत. तिच्या कामावरच्या त्या सुरभीशी बोलते. फौजीच्या बायकोशी." दिवाकर बशीत चहा ओतत हसला. "पोरगी मराठी बोलत नाही म्हणून इतकी वर्षं रडलीस, आता बोलते म्हणून रडतेस. तुझ्या रडण्याला काही टाइमटेबल आहे की नाही?" त्याला चेष्टा सुचली, कारण त्याला काही गमवायचं नव्हतं. तो झाशीतच वाढलेला, त्याची हिंदीच त्याची माय. इंदुमती मात्र लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत लुगडी कमी आणि ओव्या जास्त घेऊन आली होती. आईच्या, मावशीच्या, जात्यावरच्या, पाळण्यावरच्या. त्या सगळ्या तिनं या एका मुलीच्या कानात ओतल्या होत्या. मूल बोलायला लागलं की त्या परत येतील असं तिला वाटायचं, विहिरीत टाकलेला पोहरा भरून वर येतो तसं. मूल बोलायला लागलं ते शेजारच्या मिश्राइनच्या अंगणात, बुंदेलीत. मग इंदुमतीनं कंबर कसली. गणपतीला दहा मराठी घरं जमली की ती मनस्वीला पुढे ढकलायची. "म्हण ना गं, मावशींना ओवी म्हणून दाखव. अशी काय करतेस? घरी तर छान म्हणतेस." पोर फ्रॉकची झालर मुठीत धरून उभी राहायची. हनुवटी छातीला टेकलेली, ओठ आत ओढलेले. "म्हण ना!" पाठीवर हात, हात थोडा जड. एकदा तिनं पोरीची हनुवटी बोटांनी वर केली आणि दोन्ही गाल दाबले, शब्द बाहेर यावा म्हणून. आला नाही. आल्या त्या दोन लाळेच्या धारा.

तसं मनस्वीचं काम तिला फार पूर्वीपासून नकोसं वाटायचं. झूलॉजी शिकलेली मुलगी कुठे कॉलेजात शिकवेल, तर ही चिरगाँवच्या पुढे तुतीच्या शेताकडेला एका शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळते, आणि त्यांच्या पोटात रेशीम कसं सरकतं ते बघत बसते. एकदा तिनं जेवता जेवता टॅबलेटवर चित्र दाखवलं होतं. अळी मधोमध उघडलेली, आणि आत दोन लांब नळ्या. घड्या घालून, वळसे घेऊन, आतड्यांसारख्या शेजारी शेजारी निजलेल्या. इंदुमतीनं ताट बाजूला सारलं, पण नजर सारली नाही. लेक आपणहून काही सांगते आहे, हे कमी होतं का? "देखो मम्मी, रेशम पहले धागा नहीं होता, पानी होता है," मनस्वी म्हणाली, आणि बोट फिरवत गेली. मागच्या बारीक नळीत ते तयार होतं. पाला खाल्ला, की त्याचं हे. तिथून ते मधल्या जाड भागात येतं आणि साठतं, साठतच राहतं, मधासारखं घट्ट. तिथेच त्याच्यावर डिंकासारखा दुसरा थर चढतो. शेवटी शेवटी अळीच्या अंगात अळी थोडी आणि रेशीमच जास्त असतं. पुढची नळी केसासारखी. तिच्यातून जाताना ते आंबट होत जातं, त्यातलं पाणी निघून जातं, आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही नळ्या तोंडाशी येऊन एक होतात. "आणि मग ती थुंकते," इंदुमती म्हणाली. "नहीं ना! सबको यही लगता है." मनस्वीचे डोळे चमकले. "वो धकेलती नहीं. इतना गाढ़ा है कि धकेलेगी तो नली फट जाएगी. एक बूँद कहीं चिपका देती है, फिर सिर पीछे लेती है. खिंचता है, तब धागा बनता है." अळी डोकं डोलवते, आठाचा आकडा काढत, आणि त्या ओढीनंच आतलं पातळ रेशीम धागा होऊन बाहेर येतं. चिकटायला काही मिळालं नाही तर? इंदुमतीनं विचारलं होतं. मनस्वीनं भाताचा घास घेतला आणि म्हणाली, "तो अंदर ही रह जाता है." त्या वेळी इंदुमतीला ती अळीचीच गोष्ट वाटली होती. आता, हाताला कणीक चिकटलेली असताना, तिला वाटलं की पोरगी आपल्यालाच काही सांगून गेली. मग लगेच वाटलं, छे, कसलं सांगते. सांगायचं असतं तर तिच्या त्या ताईला सांगितलं असतं, मराठीत.

ताई. या शब्दानं तिला पोखरायला सुरुवात केली. सकाळी मनस्वी डबा भरताना दोन चपात्या जास्तीच्या घेते, हे तिच्या आता ध्यानात आलं. लोणच्याची फोड कागदात वेगळी बांधते. इंदुमतीनं लाटलेल्या चपात्या, इंदुमतीनं घातलेलं लोणचं, चिरगाँवच्या शेडमध्ये कुणी दुसरीच बाई बोटं चाटून खाणार. आणि वर पोरीला म्हणणार, तुझ्या आईच्या हाताला चव आहे हो. हे कौतुक कल्पनेतलं होतं, तरी ते इंदुमतीला उष्टं वाटायचं. फोन वाजला की ती हातातलं काम थांबवायची. मनस्वी गच्चीवर गेली की जिन्याशी केर काढायला लागायची. भांडी घासता घासता तिच्या मनात आपोआप ओळी जुळत जायच्या, आईच्या चालीवर, पण आईनं कधी न म्हटलेल्या:

लेकीचं गं बोलणं, साखरेचा खडा
विरघळे दुज्या घरी, माझ्या घागरीला तडा

ओठ हलायचे, आवाज नाही. आवाज आला की दिवाकर विचारणार, काय झालं. काय झालं ते सांगण्यासारखं थोडंच होतं. अशा वेळी तिचं बोट कनवटीच्या डबीकडे जायचं. डबीत मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, चुरून, वस्त्रगाळ केलेली. माहेरची एवढी एकच गोष्ट तिच्यापाशी अजून ओली होती. दाढ किडली तेव्हा डॉक्टरनं बजावलं होतं आणि मनस्वीनं आईला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. शपथ घेतली गेली. डबी गेली नाही. लेक कामावर गेली की तवा चढायचा आणि पंखा जोरात लागायचा, वास जावा म्हणून.

"मला बघायच्यात तुझ्या अळ्या," एक दिवस ती म्हणाली. मनस्वी बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद आला. तो आनंद पाहून इंदुमतीला अपराध्यासारखं झालं, कारण तिला अळ्या बघायच्या नव्हत्या. कानपूर रोडच्या बसमध्ये खिडकीशी मनस्वीनं तिला बसवलं. पुढच्या चौकात छावणीकडून सुरभी चढली. चांगली ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठी टिकली, वय तिशीच्या आसपास. बसमधल्या गर्दीतून वाकून तिनं इंदुमतीच्या पायांना हात लावला. "काकू, मी वाईची. मनूनं इतकं सांगितलंय तुमच्याबद्दल, की मी तुम्हाला वासावरून ओळखलं असतं." मनू. घरात मनस्वीला कुणी मनू म्हणत नव्हतं. आणि वासावरून म्हणजे काय, या विचारानं इंदुमतीचा हात नकळत कनवटीवर गेला. परीछाच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांपर्यंत त्या दोघी बोलत होत्या, तिच्या डोक्यावरून, एक उभी आणि एक बसलेली. मनस्वीचं मराठी मोडकं होतं, अध्येमध्ये हिंदी शिवलेलं. "ताई, तो ट्रे मी शिफ्ट केला, वैसे तू बघून घे." सुरभी ते सुधारत नव्हती. तिला त्यात काही चुकलेलं ऐकूच येत नव्हतं जणू. ती आपलं बोलायची आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची, आणि त्या रिकाम्या जागेत मनस्वी पुढचं वाक्य घेऊन धावत यायची. इंदुमती ते शिकाऱ्यासारखं निरखत होती. काय करते ही बाई? काहीच तर करत नाही.

शेडच्या दाराशी पाण्याचा नळ, साबण, आणि चुन्यानं रंगवलेली पट्टी. आत जाण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे. "तेल, अत्तर, अगरबत्ती, काही चालत नाही यांना," सुरभी पदर खोचत म्हणाली, "आणि तंबाखू तर विषच. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी माना टाकतात. काय काकू, विडी-बिडी नाही ना ओढत तुम्ही?" तिघी हसल्या. इंदुमती जरा जास्तच हसली आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आत गेली. आत पावसासारखा आवाज होता. हजारो तोंडं पाला खात होती. बांबूच्या तट्ट्यांवर पांढऱ्या, बोटाएवढ्या, थंड अळ्या. "आखिरी खाना चल रहा है इनका," मनस्वी तिला म्हणाली, हिंदीत. मग त्या पिकतील, पिवळसर काचेसारख्या होतील, खाणं सोडतील आणि डोकं वर करून चिकटायला जागा शोधतील. मनस्वीच्या अभ्यासाची तट्टी कोपऱ्यात वेगळी होती, लाल दोरा बांधलेली. हिवाळ्यापासूनची तिची मेहनत त्या एका तट्टीत होती. ती गेली तर सगळं पहिल्यापासून. सुरभी खाली बसून विळीवर पाला चिरायला लागली, आणि चिरता चिरता, कुणी 'म्हण' म्हटलेलं नसताना, बारीक आवाजात म्हणू लागली:

तुतीच्या गं पानाला, हात लाविते हलका
माझ्या या बाळांचा, घास होऊ दे बोलका

दुसरी ओळ मनस्वीनं उचलली. नुसती उचलली, तट्ट्या सरकवता सरकवता, पाठ वळवून, पाणी मागावं इतक्या सहज. गणपतीत गाल दाबूनही जो आवाज आला नव्हता तो हा. जाडसर, थोडा बेसूर, आणि शेवटाला खाली लवणारा, इंदुमतीच्या आईच्या आवाजासारखा. म्हणजे तो सगळा वेळ पोरीच्या आत होता. साठत होता. इंदुमतीच्याच ओव्या खाऊन साठला होता, आणि त्याचं टोक जाऊन चिकटलं या वाईच्या बाईला. "मी जरा बाहेर जाऊन येते," ती म्हणाली. का, ते कुणी विचारलं नाही. ओवी चालू राहिली.

शेडमागे बाभळीच्या सावलीत ती उभी राहिली. पलीकडे रस्त्यावरून बस गेली. तिच्या छातीत काहीतरी जड, पातळ, गरम असं वर चढत होतं आणि गळ्याशी येऊन अडत होतं. बोटाला त्याची सवय होती. डबी उघडली. बोटावर काळी चिमूट घेतली. हिरड्यांवर ती रगडताना डोळ्यांत पाणी आलं, ते मिश्रीनं की कशानं, हे तिलाही ठरवायचं नव्हतं. थुंकून, पदरानं ओठ टिपून, बोट पदरालाच पुसून ती परत फिरली. नळावरून गेली. नळ तिथेच होता. पुढे किती दिवस ती या क्षणाशी झगडणार होती कोण जाणे, की मला नळ दिसला होता का. दिसला होता. साबण ओला होता, त्यावर माशी बसली होती, हेही दिसलं होतं. पण आतून मनस्वीची हाक आली, "मम्मी! आओ, आप खिलाओ इनको," आणि हाकेला उशीर होऊ नये म्हणून ती तशीच आत गेली. खरंच तेवढ्याचसाठी? लाल दोऱ्याच्या तट्टीशी मनस्वीनं तिच्या ओंजळीत पाला दिला. अभ्यासाची तट्टी आईच्या हातानं, एवढा मान. सुरभी पलीकडच्या रांगेत होती. इंदुमतीनं एकेक पान उचललं, बोटांनी पसरून ठेवलं, आणि अळ्यांनी खायला सुरुवात केली तेव्हा तिला क्षणभर फार माया आली.

त्यांचा चहा झाला. मनस्वी आत गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. लाल दोऱ्याच्या तट्टीवर अळ्यांनी डोकी उंच उचलून मागे टाकली होती. छातीशी त्या सुजल्या होत्या. काहींच्या तोंडातून हिरवा-तपकिरी रस गळत होता आणि त्या आपल्याच ओकारीत वळवळत होत्या. "तंबाखू," मनस्वी कुजबुजली. मग मोठ्यानं, "तंबाखू आहे हा! कुणी आणला?" तिनं सुरभीकडे पाहिलं. "भाऊजी सोडायला आले होते ना काल तुला? पाला उतरवायला हात लावला त्यांनी?" सुरभीच्या हातातली टोपली कलली. "अगं नाही, ते फाट्यावरूनच गेले. खातात ते, मी नाही कुठे म्हणते, पण आत पाऊल..." "पाला किसने उतारा था?" "मीच की गं मनू." मनस्वीचा चेहरा मिटत गेला. इंदुमतीनं तो मिटताना पाहिला. हनुवटी खाली, ओठ आत. आणि मग ते आलं, थंड, इस्त्री केलेलं: "देखिए, आप सच-सच बता दीजिए. मैं कुछ नहीं कहूँगी आपको."

आप. इंदुमतीचं काळीज लख्खकन उजळलं. हेच तर हवं होतं. इतके दिवस केर काढत, भांडी घासत, जिन्यात कान लावून जे मागत होती ते समोर घडत होतं. आता फक्त गप्प बसायचं. बसमध्ये उद्या खिडकीशी कुणी बसणार नाही, जास्तीच्या चपात्या जाणार नाहीत, आणि ताई हा शब्द या शेडमध्येच वाळून जाईल. सुरभीनं कललेली टोपली खाली ठेवली आणि सांडलेली पानं वेचायला वाकली. तो 'आप' कुठे लागतो हे झाशीत एकाच बाईला ठाऊक होतं. बरगडीच्या खाली, डाव्या अंगाला, जिथे मूल वागवलेलं असतं. तो दुसरीला लागताना पाहून इंदुमतीचं स्वतःचंच तिथे दुखलं, आणि तिला त्या दुखण्याचा राग आला, कारण ते तिचं एकटीचं होतं. तेही ही बाई घेणार? तिचा हात पुढे झाला. तोंडात अजून मिश्रीचीच चव होती. तिनं उजव्या हाताचं बोट लेकीच्या नाकासमोर धरलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती.

मनस्वीनं वास घेतला. अंगाईचा, अंगावर पिताना आलेला, तापात उशाशी बसलेला तो वास. क्षणभर ती लहान दिसली. मग तिनं आईचं मनगट धरलं आणि खेचतच तिला बाहेर नळावर नेलं. "तुला काही समजतं का?" ती ओरडली. "काही समजतं का तुला? तू सोडली होतीस ना? माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास ना तू? झूठी! एक नंबरची झूठी आहेस तू! ताई, पाणी टाक. आणि तो पाला फेक, ट्रे बाहेर हवेत ठेव आधी, जगतील त्या जगतील! आणि तू, तू इथे उभी राहा! मी ताईला बोलले, तू ऐकत होतीस, तोंड शिवलं होतं तुझं? मरू दे ना मग, माझी मेहनत मरू दे, तुझी डबी जगू दे!" साबण बोटावर घासला जात होता, नखाखाली, पेरांच्या खाचेत, कातडी सोलेल इतका. मोडकं, उकळतं, हिंदीच्या गुठळ्यांनी भरलेलं मराठी धारेनं वाहत होतं, तुटत नव्हतं. कुठल्या ओवीत नसतील असे शब्द. इंदुमती मान खाली घालून ऐकत होती. तिला लाज वाटत होती, मेलेल्या अळ्यांची तर फारच. आणि त्या लाजेच्या खाली दुसरंच काही हळूहळू, बेशरमपणे पसरत होतं. तिनं लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर लेकीला ते दिसलं असतं.

तट्टी बाभळीखाली ठेवून सुरभी परतली होती आणि मगानं पाणी ओतत होती. तिची नजर मनस्वीच्या लाल झालेल्या कानांवर होती. मनस्वी तिच्याशी इतकी गोड बोलायची, खांद्यावर हात टाकायची, आप म्हटल्याबद्दल थोड्या वेळानं माफीही मागेल. पण असं तिच्यावर ती कधी ओरडली नव्हती. पाण्याची धार पातळ झाली. "बास की गं मनू," सुरभी म्हणाली, आणि तिचा आवाज कोरडा होता, "निघालं आता सगळं. किती बोलशील?" इंदुमतीनं मान वर केली. त्या सावळ्या चेहऱ्यावरची ती नजर तिला चांगली ओळखीची होती. केर काढताना, जिन्याशी, ती तिनंच वापरलेली होती.

उजवा हात स्वच्छ झाला होता. मनस्वी दम घ्यायला थांबली. इंदुमतीनं हळूच, काही न बोलता, डावा हात पुढे केला.